डाव्या हातचं

तोने म्हणजे आमची मातीची भट्टी, विहिरीसारखी खोल,
तळाशी द्राक्षवेलींच्या छाटणीचा विस्तव.
कमरेपर्यंत आत वाकायचं,
श्वास काठावर ठेवून जायचं,
पाव भिंतीला थापायचा
आणि भुवया जळायच्या आत वर यायचं.
एकतीस वर्षं हे मी उजव्या हाताने केलं.
खरं तर त्यानेच केलं. मी तेव्हा
पिठाच्या भावाचा विचार करत असे,
किंवा कशाचाच नाही.

मग एका फेब्रुवारीत, दुधाचा कॅन उचलताना,
तो हात निघून गेला.
खांद्याला लटकत होता, पण गेला होता.
तेलावीच्या डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला.
दाबत राहा, त्सियाला, म्हणाल्या, येईल थोडा.
आला थोडा.
चमचा धरण्यापुरता.

जर्दाळू फुलले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली.
कुणी दुकानात शिरलं
की उजवा हात आपोआप एप्रनखाली जायचा.
मी ठरवलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.
पाव अंगवळणी पडायला मला सात वर्षं लागली होती,
लाज तीन महिन्यांत पडली,
आणि किती सफाईने!
त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
म्हणजे अंग शिकतच असतं, मला विचारो न विचारो.
दार उघडं दिसलं
की कुठलीही सवय आत येऊन चूल मांडते.
मग दारात मीच का बसू नये?

जुन्या टॉवेलात ओली वाळू शिवली,
शोती पावाच्या आकाराची, टोकं ओढलेली, होडीगत.
पहाटे चारला गोठ्यामागच्या भिंतीवर
डाव्या हाताने थापू लागले.
पहिल्या दिवशी कोंबड्या पळाल्या.
शंभर काड्या एका खिशात,
दर थापेला एक काडी दुसऱ्या खिशात टाकायची,
ती मात्र उजव्याने.
तुलाही काम आहे बाबा, रुसून बसू नकोस.

खऱ्या भट्टीत, पहिल्या आठवड्यात,
अडतीस पाव विस्तवात पडले.
मोजले बादरीने, माझ्या भाच्याने. मी मोजत नव्हते.
मावशी, मी थापतो की, म्हणाला.
दुपारचे थाप, म्हटलं. पहाटेचे माझे.

सोप्या कामाला म्हणतात डाव्या हातचा मळ.
म्हणणाऱ्याने एकदा हा हात बघावा.
मनगटावर चार डाग, नखांत पीठ, कोपरापर्यंत काजळी.
मळच म्हणायचा असेल तर म्हणा,
पण कमावलेला आहे.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत बादरीशी भांडण झालं.
पोलंडला निघाला होता, ट्रक चालवायला.
मी म्हणाले, जा खुशाल, पण तुझ्या बापाची बाग
आत वाकले, वर आले,
कोण बघणार?
तो हसायलाच लागला.
मला कळेना का. खाली पाहिलं
तर पाव भिंतीवर होता.
सरळ, टोक वर, फुगायला लागलेला.

आनंद झाला, नाही कशाला म्हणू.
पण संध्याकाळी गल्ला मोजताना आठवेना
त्या पावाचा चेहरा.
पडले त्यांतला एकेक मला आठवतो,
वासरांसारखा ओळखीचा.
हात बसला की माणूस मोकळा होतो.
मोकळा होऊन कुठे जातो, ते त्याने बघायचं.

म्हणून काही गोष्टी मी हाताला देत नाही.
मिठाचं पाणी रोज जिभेवर घेते,
समुद्र कधी न पाहिलेल्या बाईसारखं.
आणि गुरुवारचा शेवटचा पाव उजव्याचा.
बोटं थरथरतात, कणीक लोंबते,
थापेला जोर नसतो.
शेजारची एतेर म्हणते, कशाला गं हा छळ,
डावा आहे ना आता तयार?

आहे ना.
म्हणूनच तर या दुसऱ्यासाठी वेळ आहे.
अजून त्याच्या पावाचं टोक फाटतं.
तो मी विकत नाही.
पायरीवर बसते, गरम असतानाच मोडते,
आणि आधी नीट बघते.